आता तुम्ही मला सांगा

आजच्या समारंभाच्या अध्यक्षा आणि आमच्या औषधनिर्माणशास्त्र महाविद्यालयाच्या प्राचार्या, त्यांच्या उजव्या हाताला बसलेले रुग्णालयाचे अधीक्षक सर, आणि मधल्या खुर्चीत अवघडून बसलेल्या, हातातल्या पुष्पगुच्छाचं नेमकं काय करावं या विवंचनेत असलेल्या आजच्या सत्कारमूर्ती, रुग्णालयाच्या औषध विभागाच्या आज निवृत्त होणाऱ्या प्रमुख, आमच्या मॅडम. विद्यार्थी संघटनेचे आजी-माजी पदाधिकारी, वॉर्डांतल्या सिस्टर, औषध विभागातले माझे सहकारी, दाराजवळ उभे राहून ‘हे कधी संपणार’ असा चेहरा केलेले अंतिम वर्षाचे विद्यार्थी, आणि तिसऱ्या रांगेत कडेच्या खुर्चीवर बसलेल्या काकू, या सगळ्यांना माझा नमस्कार.

काकू कोण, ते पुढे येईलच. मॅडम, तो पुष्पगुच्छ टेबलाखाली ठेवलात तरी चालेल, कुणी रागावणार नाही.

मला दहा मिनिटं दिली आहेत. मला ओळखणाऱ्यांना हे ऐकून हसू आलं असेल. मी बोलायला लागले की थांबत नाही, असं माझ्या घरचे म्हणतात, शेजारचे म्हणतात, आणि मघाशी चिठ्ठी पाठवून अध्यक्षांनीही तेच सुचवलं आहे. पण आज मला माझ्या या बोलण्याबद्दलच काही सांगायचं आहे. मॅडमचा गौरव इतरांनी केला. चौतीस वर्षांची नोकरी, एकही रजा उगाच नाही, सगळं खरं आहे. मी फक्त एका चुकीची गोष्ट सांगणार आहे. चूक मॅडमची नाही, माझी. आणि ती सांगण्यापूर्वी मी काल काकूंच्या घरी जाऊन त्यांची परवानगी घेतली आहे.

बारा वर्षांपूर्वी मी अंतिम वर्षाला होते. आमच्या विद्यार्थ्यांचं आयुष्य बाहेरच्यांना फारसं कळत नाही. डॉक्टरकीला गेलेल्या मुलाला नातेवाईक पहिल्या वर्षापासून डॉक्टर म्हणतात. आम्हाला चौथ्या वर्षीही मावशी विचारते, ‘मग काय, मेडिकलचं दुकान टाकणार का?’ आणि तीच मावशी पुढच्या वाक्याला पर्समधून चार पाकिटं काढून म्हणते, ‘यातली ॲसिडिटीची कुठली गं?’ चार वर्षं आम्ही खलात पावडरी घोटतो, गाळतो, वजन करतो, वाळक्या पानाचा तुकडा सूक्ष्मदर्शकाखाली धरून झाडाचं नाव सांगतो. प्रात्यक्षिकात आमच्या गटाचं मलम एकदा इतकं घट्ट झालं की डबी उपडी केली तरी पडेना. सरांनी त्यालाही गुण दिले. म्हणाले, निदान सांडणार तरी नाही.

आणि मी विद्यार्थी संघटनेची सचिव होते. इथे बसलेल्या पदाधिकाऱ्यांना माहीत आहे की संघटनेच्या बैठकीत दोनच गोष्टी हमखास मंजूर होतात, मागच्या बैठकीचं इतिवृत्त आणि पुढच्या बैठकीची तारीख. फलक निळा असावा की हिरवा, यावर आम्ही एकदा तीन तास वाद घातला आणि शेवटी जुनाच फलक धुऊन लावला. पण एक काम आमच्या संघटनेनं झोकात केलं होतं. आम्ही समुपदेशन स्पर्धा सुरू केली. समोर रुग्ण बसवायचा, त्याला त्याची औषधं पाच मिनिटांत समजावून सांगायची, आणि परीक्षकांनी गुण द्यायचे. भाषा, आत्मविश्वास, वेळेचं भान, आणि शेवटी रुग्णाला एकही शंका उरली नाही तर दहापैकी दहा.

आता रुग्ण म्हणजे कोण, तर दुसऱ्या वर्षाचा कुणीतरी विद्यार्थी. त्याला आधीच सांगून ठेवलेलं असायचं की मान डोलाव. तो डोलावायचा. मी सलग दोन वर्षं पहिली आले. चषक महाविद्यालयाच्या कपाटात अजून आहे, एक कान तुटलाय, पण आहे. आणि त्या चषकामुळे माझी अशी पक्की समजूत झाली होती की समोरच्यानं मान डोलावली की त्याला कळलं.

अंतिम वर्षाचं प्रशिक्षण रुग्णालयात असतं. तळमजल्यावर औषध विभाग, काचेच्या तीन खिडक्या, प्रत्येकीला खाली हात जाईल एवढी फट. आत लांब ओटा, मागे रॅक, कोपऱ्यात फ्रिज आणि त्याच्या तापमानाचा तक्ता. एक स्टूल होतं, त्याचा एक पाय आखूड. नव्या विद्यार्थ्याला तेच मिळायचं. मॅडमचं ठाम मत होतं की डुलत्या स्टुलावर बसलेला माणूस पेंगत नाही.

मुलं मॅडमना पाठीमागे ‘थांबा मॅडम’ म्हणत. मॅडम, तुम्हाला हे माहीत नव्हतं असं तोंड करू नका. खिडकीवर कितीही मोठी रांग असो, आपण पाकीट पुढे सरकवायला हात लांबवला की मागून आवाज यायचा, ‘थांबा जरा.’ मग त्या पुढे येऊन चिठ्ठी बघणार, पाकीट बघणार, माणसाचं तोंड बघणार. मला त्याचा मनापासून राग यायचा. मी संघटनेची सचिव, दोनदा चषक मिळवलेली, आणि या बाई मला प्रत्येक पाकिटाला थांब म्हणतात.

एका सोमवारी एक गृहस्थ खिडकीवर आले. साठीच्या आसपासचे. कुलपं दुरुस्त करायचं त्यांचं छोटं दुकान होतं. सांध्यांच्या आजारानं त्यांची बोटं इतकी आखडली होती की स्वतःच्या दुकानाचं कुलूप त्यांना उघडता येईना. हे त्यांनीच हसत हसत सांगितलं. आपण त्यांना कुलूपवाले काका म्हणू, मी तसंच म्हणायचे. डॉक्टरांनी त्यांना दोन प्रकारच्या गोळ्या दिल्या होत्या. एक आठवड्यातून एकदाच घ्यायची, सोमवारी, एकदम तीन. दुसरी तिच्या जोडीची, बाकीचे दिवस, रोज एक. दोन्ही गोळ्या लहान, दोन्ही पिवळ्या. पहिली सांध्यांना आराम देते, पण चुकून रोज घेतली तर आतून सगळं पोखरत जाते. आधी तोंड येतं, मग रक्त तयार होणंच बंद पडतं. समोर बसलेल्यांपैकी निम्म्यांनी आत्ता मनातल्या मनात तिचं नाव घेतलं असेल.

मॅडम त्या वेळी आत फोनवर होत्या. मागून ‘थांबा’ म्हणणारं कुणी नव्हतं. मी काकांना समजावलं. काय समजावलं म्हणून सांगू. गोळी कशी काम करते, ती सोमवारीच का, दुसरी गोळी तिच्या जोडीला का, पाणी किती, काय टाळायचं, सगळं एका दमात, न अडखळता. पाकिटावर स्वच्छ अक्षरात लिहिलंही. काकांनी मान डोलावली. एकही शंका विचारली नाही. माझ्या हिशेबानं दहापैकी दहा. त्यांचा चष्मा दुकानात राहिला होता, हे मला शुक्रवारी कळलं.

शुक्रवारी संघटनेच्या वार्षिक संमेलनाच्या निमंत्रणपत्रिका घेऊनच मी खिडकीवर बसले होते. दोन रुग्णांच्या मध्ये एक पत्रिका दुमडायची, असं चाललं होतं. काका आले. म्हणाले, ‘बाई, त्या गोळ्या संपल्या. अजून द्या.’ मी चिठ्ठी पाहिली. महिन्याची चिठ्ठी होती. आणि तरीसुद्धा, मी आज हे सगळ्यांसमोर सांगते, माझा हात रॅककडे गेला. महिन्याभराच्या बारा गोळ्या चार दिवसांत संपल्या, हे गणित पहिलीतल्या पोराला जमलं असतं. माझं लक्ष पत्रिकांत होतं.

‘थांबा जरा.’

मॅडम पुढे आल्या. मला बाजूला केलं नाही, माझ्या शेजारीच उभ्या राहिल्या. म्हणाल्या, ‘काका, या गोळ्या तुम्ही कशा घेता, मला करून दाखवा बघू.’ काकांनी खिशातून दोन्ही पाकिटं काढली. रिकाम्या पाकिटावर बोट ठेवून म्हणाले, ‘या रोज तीन. आणि ही दुसरी सोमवारी एक. बाईंनीच सांगितलंय. फार छान बोलतात हो तुमच्या बाई, मी ऐकतच राहिलो.’ मॅडमनी विचारलं, ‘आणि तोंड कसं आहे?’ काका म्हणाले, ‘तोंड जरा आलंय कालपासून. चहा गरम प्यायलो असेन.’

आयुष्यात माझी इतकी स्तुती कुणी केली नव्हती, आणि इतकी शरमही मला कधी वाटली नव्हती.

तासाभरात काका वॉर्डात दाखल झाले. उताऱ्याची इंजेक्शनं सुरू झाली. डॉक्टरांनी रक्ताचा अहवाल पाहिला आणि मॅडमना एवढंच म्हणाले, ‘पुढचे सात-आठ दिवस काही सांगता येत नाही.’ मी कोपऱ्यात उभी होते. मला वाटलं होतं, मॅडम मला घरी पाठवतील, किंवा फाडून खातील. त्यांनी दोन्हीपैकी काही केलं नाही. म्हणाल्या, ‘त्यांच्या घरून येतायत. काय झालं ते तू सांगायचं. मी शेजारी उभी राहीन, पण बोलायचं तू.’

काकू आल्या. याच, तिसऱ्या रांगेतल्या. हातात डबा होता, कारण नवऱ्याला दुपारपर्यंत सोडतील असं त्यांना वाटत होतं. पाच मिनिटं सलग बोलणारी मी, चार वाक्यांसाठी माझी दातखीळ बसली. शेवटी कसंबसं सांगितलं. चूक माझी आहे, मी त्यांना नीट समजावलं नाही, गोळ्या उलट्या घेतल्या गेल्या, जिवाला धोका आहे. काकूंनी ऐकून घेतलं. ओरडल्या नाहीत. म्हणाल्या, ‘पाकिटावरचं मी वाचून दाखवते म्हटलं होतं त्यांना. तर म्हणाले, गरज नाही, बाईंनी सगळं समजावलंय.’ मग त्यांनी मला विचारलं, ‘त्यांना कळलं नव्हतं, हे तुम्हाला कसं कळलं नाही?’

याचं जे उत्तर माझ्याकडे आहे, ते आजही, बारा वर्षांनी, मला फारसं आवडत नाही. मला त्यांना कळतंय की नाही यापेक्षा मी कशी बोलतेय, यात जास्त रस होता.

पुढचे दिवस मी लांबण लावून सांगत नाही. रोज सकाळी आठ वाजता मॅडम मला घेऊन वॉर्डात जायच्या. मी काकांच्या फाइलमधला पांढऱ्या पेशींचा आकडा वाचायचा. मॅडम फक्त विचारायच्या, ‘वर की खाली?’ चार दिवस मी खालीच म्हणत होते. पाचव्या दिवशी काकांना ताप चढला आणि त्यांना वेगळ्या खोलीत हलवलं. काकू दाराबाहेर बाकावर बसून असायच्या. मी रोज त्यांच्या शेजारी थोडा वेळ बसायचे. बोलण्याची माझी सगळी हौस फिटली होती.

ताप चढला त्याच दिवशी दुपारी मी अर्ज लिहिला. प्रशिक्षण सोडत आहे, या क्षेत्रात राहण्याची माझी योग्यता नाही, वगैरे. दोन पानी. शोकांतिकेतही माझी भाषा आवरत नव्हती, बघा. तो मी मॅडमच्या टेबलावर ठेवला. त्यांनी पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत वाचला आणि म्हणाल्या, ‘थांब. यावर तारीख नाही.’ मी म्हटलं, आजची घालते. त्या म्हणाल्या, ‘आजची नको. काकांचं काय ते एकदा ठरू दे. त्या दिवशी तारीख घाल आणि मला दे. अगं, माणूस आत पडलाय आणि तू निघालीस कुठे?’ अर्ज त्यांनी ड्रॉवरमध्ये टाकला.

आणि त्या दिवसापासून मला खिडकीवर बोलायला बंदी झाली. औषध दुसऱ्यानं समजावायचं. मी डुलत्या स्टुलावर बसायचं, आणि रुग्ण निघायच्या आत एकच वाक्य म्हणायचं, ‘आता तुम्ही मला सांगा.’ बस्स. मग ऐकायचं. पहिल्याच दिवशी मी जे ऐकलं, त्यानं माझे डोळे पांढरे व्हायची वेळ आली. कानात घालायचे थेंब एक आजोबा डोळ्यात घालणार होते. एका आईनं बाळाच्या औषधाचा चमचा म्हणजे वाढायचा चमचा धरला होता. एक प्राध्यापक, चांगले भाषेचे प्राध्यापक, रक्तदाबाची गोळी चक्कर आली तरच घ्यायची, असं समजून चालले होते. सगळ्यांनी आधी मान डोलावली होती. मला वाटलं, देवा, गेल्या तीन महिन्यांत माझ्या खिडकीवरून किती माना डोलत गेल्या असतील.

सातव्या दिवशी मी फाइल उघडली. आकडा पाहिला, पुन्हा पाहिला, खरा वाटेना म्हणून सिस्टरना दाखवला. मॅडमनी विचारलं, ‘वर की खाली?’ मी म्हटलं, ‘वर. थोडासाच. पण वर.’ मॅडम चष्मा काढून पदरानं पुसत बसल्या, बराच वेळ पुसत बसल्या. तेव्हा मला कळलं की सात दिवस या बाईही झोपल्या नव्हत्या.

अठराव्या दिवशी काका घरी जायला निघाले. त्यांच्या नव्या गोळ्या मीच द्यायच्या, असं मॅडमनी ठरवलं. मी तीन वाक्यं बोलले. मग म्हटलं, ‘काका, आता तुम्ही मला सांगा.’ त्यांनी चष्मा लावला, पाकीट वाचलं आणि घडाघडा सांगितलं. वर म्हणाले, ‘बाई, या वेळी तुम्ही फार कमी बोललात. पण समजलं बरं का.’

ते गेले आणि मॅडमनी ड्रॉवरमधून अर्ज काढून माझ्यासमोर ठेवला. शेजारी पेन ठेवलं. ‘काका घरी गेले. घाल तारीख.’ मी पेन उचललं. खिडकीपलीकडे सात-आठ माणसं उभी होती, पहिली बाई कडेवर मूल घेऊन केव्हाची काचेवर बोटानं टकटक करत होती. मी म्हटलं, ‘मॅडम, रांग लागलीये.’ त्या म्हणाल्या, ‘मग?’ मी पेन ठेवलं आणि खिडकीवर गेले.

तिथून मी अजून उठलेली नाही.

कुलूपवाले काका त्यानंतर नऊ वर्षं जगले, आणि गेले ते वयानं गेले. मधल्या काळात बोटं मोकळी झाल्यावर ते एकदा हत्यारांची पेटी घेऊन आले आणि आठवड्यातून एकदाच घ्यायच्या गोळ्यांसाठी मॅडमनी जे वेगळं कपाट केलं होतं, त्याला कुलूप बसवून गेले. ते कुलूप जरा अवघड आहे. किल्ली आधी उलटी फिरवावी लागते. काका म्हणाले होते, मुद्दाम तसं केलंय, घाईत उघडता कामा नये.

संघटनेची स्पर्धा आजही होते. फक्त नियम बदलला. आता गुण, बोलून झाल्यावर समोरचा काय सांगतो, त्यावर मिळतात. आणि रुग्ण म्हणून विद्यार्थी बसवत नाही, शिपाईमामांना बसवतो. मामा मान अजिबात डोलावत नाहीत. त्यामुळे गेली काही वर्षं दहापैकी दहा कुणालाच मिळालेले नाहीत.

आता आज सकाळचं सांगते आणि बसते. अध्यक्षांची दुसरी चिठ्ठी आली आहे.

उद्यापासून मॅडमची खुर्ची मला मिळणार आहे. सकाळी त्या ड्रॉवर रिकामा करत होत्या. तळाशी माझा अर्ज निघाला. दोन पानी, बिनतारखेचा, कडा पिवळ्या पडलेल्या. मला वाटलं, आठवण म्हणून देतील. त्यांनी तो परत ड्रॉवरमध्येच ठेवला. म्हणाल्या, ‘असू दे इथे. तुझ्या हाताखाली कुणीतरी असाच लिहून आणेल. तेव्हा वाचायला दे त्याला.’

एवढ्यात खिडकीवर काकू आल्या. समारंभाला यायचंच होतं, तर जाता जाता स्वतःच्या साखरेच्या गोळ्या घ्याव्यात म्हणून. मॅडम माझ्या मागे उभ्या होत्या, सवयीनं. काकूंच्याच घरचं माणूस माझ्या बोलण्यानं जाता जाता राहिलं होतं, त्यामुळे बारा वर्षांनीही त्यांच्यापुढे मी मोजूनच बोलते. मी काकूंना तीन गोष्टी सांगितल्या. शेवटचं वाक्य म्हणायला तोंड उघडलं, तर त्यांनीच हात वर केला. म्हणाल्या, ‘थांब गं. आता मी तुला सांगते.’ आणि सांगितलं. सगळं बरोबर. वेळ, मात्रा, विसरली तर काय करायचं, सगळं. मग फटीतून हात आत घालून त्यांनी माझा हात धरला आणि म्हणाल्या, ‘आणि आता तुला कळलं ना, मला कळलंय ते?’

मी हो म्हटलं. मागे वळून पाहिलं, तर मॅडम चष्मा पुसत होत्या. म्हणाल्या, ‘चला. मी निघायला मोकळी झाले.’

मॅडम, तुम्ही मोकळ्या झालात, आम्ही नाही. मला तुमची फार आठवण येणार आहे. उद्या माझा हात पाकीट पुढे सरकवेल आणि मागून कुणी थांबा म्हणणार नाही, या विचारानं मला आजच धास्ती वाटते. ते मी स्वतःला म्हणायला शिकेन. आणि हो, तुमची रक्तदाबाची गोळी सकाळी चहाच्या आधी. तुम्ही ती विसरता, हे साऱ्या विभागाला ठाऊक आहे. कार्यक्रम संपल्यावर मला भेटा आणि तुम्ही मला सांगा.

मला बोलायची संधी दिल्याबद्दल अध्यक्षांचे आणि संघटनेच्या मुलांचे आभार. आपलं घरचं दुःख मला सगळ्यांसमोर सांगू दिल्याबद्दल काकूंचे आभार मानायला माझ्याकडे शब्द नाहीत, आणि माझ्याबाबतीत हे फार क्वचित घडतं. दहाची वीस मिनिटं झाली. कुणाचा उल्लेख राहिला असेल, कुणाचा मान राखताना काही कमी पडलं असेल, तर या भाषणातली चूक पोटात घाला. खिडकीवरची मात्र घालू नका, तिथल्या तिथे मला थांबवा. नमस्कार.